घाटमाथ्यावरचं बंदर

पहाटे ५

जानेवारीत जुन्नरला पहाटे अंगावर पाणी घ्यायचं तर आधी बंब पेटवावा लागतो. लाकडं सारून मी फोन बघते. घाटघरच्या वहिनींचा काल रात्रीचा निरोप आहे. माणसं किती, आणि तिखट चालंल का? चार जणी-जणं, त्यातल्या एक परदेशी, तिखट बेतानं, असं कळवून टाकते. तिकडे रेंज टेकाडावरच मिळते, त्यामुळे उत्तर येईल तेव्हा येईल.

पिशवीत दोन बॅटऱ्या, पाणी, बिस्किटांचे पुडे, बँडेज आणि शिलालेखांची माझी वही. वाटाड्याच्या कामात ही वही सगळ्यात जड. महाराष्ट्र सरकारनं २०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. तेव्हापासून आमच्याकडे येणारी माणसं वाढली, पण सगळ्यांची यादी एकच असते. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, दुपारी मासवडीचं जेवण आणि अंधार पडायच्या आत पुणे.

सकाळी ६

गाडी दारात. ड्रायव्हर मामांचा दंडकच आहे की अंधारात मी रस्त्यापर्यंत चालत यायचं नाही. उसाची तोड सुरू झाली की बिबट्या बांधावर येतो. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही.

आजचे पाहुणे म्हणजे पुण्याचे काका-काकू आणि त्यांच्या विहीणबाई. काकांचा मुलगा पोलंडमध्ये ग्दान्स्कला नोकरीला आहे. तिथलीच मुलगी केली, आणि आता सुनेची आई भारत बघायला आली आहे. या बाईंचा धंदा अंबरचा, म्हणजे आपल्या जुन्या ग्रंथांतल्या तृणमण्याचा. बाल्टिक समुद्राच्या लाटांबरोबर किनाऱ्याला लागणारी कोट्यवधी वर्षांची जुनी राळ. ती घासायची, भोक पाडायचं, चांदीत बसवायची. त्यांचं गाव हे जुनं बंदर, आणि त्यातली मारियात्स्का गल्ली अंबरच्या दुकानांसाठी जगात प्रसिद्ध.

काकांनी यादी पुढे केली. तीच, वर सांगितलेली. मी म्हटलं, "काका, आज क्रम माझा. ज्या वाटेनं माल चढायचा त्या वाटेनं जाऊ. आधी घाट, मग लेणी, शेवटी पेठ."

"अहो, पण गणपतीचं दर्शन?"

"गणपती वाटेतच आहे. चुकवणार नाही."

पावणेसात

आपटाळे, चावंड, घाटघर. डाव्या-उजव्या हाताला धरणाचं पाणी दिसतं, मग लपतं. चावंडचा कातळ उजाडताना तांबूस झालाय. भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली. विहीणबाई खिडकीला नाक लावून बसल्यात. त्यांच्या मुलखात डोंगर नाही, सगळी वाळू आणि पाइनचं रान. काकू मागून हिरड्याची झाडं विचारतात, ती पुढे दाखवते म्हणते. पश्चिम जुन्नर आणि आंबेगावच्या महादेव कोळ्यांच्या घरात रोख पैसा येतो तो बाळहिरड्याचा. झाडाचं काही विकून घर चालवणं इथेही आहे, हे विहीणबाईंना सांगायचं राहून जातं.

सकाळी ८

नाणेघाट. वारा असा की ओढणी हातात धरावी लागते. समोर नानाचा अंगठा, खाली कोकण धुक्यात बुडालेलं. तोंडाशीच एकाच दगडात कोरलेला रांजण. व्यापाऱ्यांनी जकातीची नाणी यात टाकायची, असं सगळे सांगतात आणि मीही सांगते. पण हेही सांगते की ही परंपरा आहे. गुहेतल्या लेखात यज्ञ आणि दक्षिणा आहे, रांजणाचा उल्लेख नाही.

काका विचारतात, "मग जकात घेतच नव्हते की काय?"

घेत नसतील असं कसं म्हणायचं? कड्याला पडलेल्या एवढ्या चिंचोळ्या खिंडीत, फरसबंदी करून, टाकी खोदून, राजघराण्याचे पुतळे उभे करून कुणी दोन हजार वर्षांपूर्वी एवढा खर्च केला तो हवा खायला नाही. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरं. वर जुन्नर, पुढे पैठण, तेर. बैल, गाढवं, माणसं ही चढण चढून आली की त्यांना थांबवायला एकच जागा पुरते.

गुहेत उतरतो. ही गुहा राहायला होती, पूजेला नाही. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्याचे पुतळे होते. सिमुक, सातकर्णी, नागनिका, कुमार भाय आणि इतर. आता नुसती नावं वर आणि खाली पावलांच्या खुणा. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लेख, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. कर्नल साईक्सनं तो १८२८ मध्ये नोंदवला, पुढे भगवानलाल इंद्रजींनी वाचनाचं मोठं काम केलं.

मी बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरते. अक्षरं एकदम उठतात. राणी नागनिका काय-काय दान दिलं ते सांगते आहे. बारा गाई, एक घोडा. सतराशे गाई, दहा हत्ती. आणि काही ठिकाणी संख्या आधी शब्दात आणि लगेच अंकात, धनादेशावर लिहितो तशी. १७०० लिहायला शून्य नाहीच. हजाराची एक खूण आणि सातशेची एक खूण, एवढंच. काका बँकेत होते. ते खाली वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ही बाई हिशेबाला पक्की होती."

विहीणबाईंनी त्यांच्या बंदराची गोष्ट इथे सांगितली, काकांनी मला मराठीत करून दिली. ग्दान्स्कला नदीच्या काठावर पंधराव्या शतकातली लाकडी क्रेन आहे. आत मोठाली चाकं, त्यात माणसं चालायची, चालत राहायची, आणि वर दोरखंड गुंडाळला जाऊन जहाजातलं ओझं उचललं जायचं. दुसऱ्या महायुद्धात ती जळाली, नंतर पुन्हा उभी केली. अंबर मात्र गावच्या माणसाला किनाऱ्यावरून उचलता येत नसे. त्या मुलखावर ट्युटॉनिक सरदारांची सत्ता होती, अंबरचा मक्ता त्यांचा, आणि चोरून वेचणाऱ्याला फाशीसुद्धा. म्हणजे समुद्र फुकट द्यायचा आणि सरदार रस्त्यावर बसून वसूल करायचे.

"हा तुमचा रांजण," त्या म्हणाल्या, "आणि ती आमची फाशी."

साडेदहा

घाटघर. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, वर कांदा फोडून. वहिनींनी परदेशी पाहुणीसाठी वेगळं फिकं पिठलं केलंय. त्या फिकं सोडून तिखटाकडेच वळल्या. काकूंना भाकरी थापताना बघायची होती. चुलीपुढे बसल्या त्या उठेनातच.

जेवण झाल्यावर शेजारचे दादा कागदात गुंडाळून काहीतरी घेऊन आले. विहीर खोदताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत सापडलेला दगड, पीचच्या गराच्या रंगाचा, पाकळ्या एकीला एक टेकून बसलेल्या. स्टिल्बाइट. विहीणबाईंनी गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि बोलणं थांबलं. दगड त्यांनी उलटा केला, नखानं हलकेच खरवडला, परत सुलटा केला. पाकळीवर मोत्यासारखी झाक होती, आणि मुळाशी काळा बेसाल्ट तसाच चिकटलेला.

आमचा हा सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिलं आणि हे स्फटिक जमले. त्यांच्या अंगात पाणी असतं, तापवले की बाहेर पडतं. स्वीडनच्या क्रॉनस्टेट नावाच्या खनिजतज्ज्ञानं १७५६ मध्ये हेच बघून त्या कुळाला झिओलाइट म्हटलं. बाल्टिकच्या पलीकडच्या काठावरचा माणूस! विहीणबाईंना हे माहीत होतं, पण असला खडा विहिरीतून निघतो आणि शेतकऱ्याच्या कोनाड्यात पडून असतो, याचं त्यांना नवल.

दादांनी किंमत विचारली नव्हती, काकांनी विचारली. मी मध्ये पडले. इथून दगड विकत घ्यायचे नाहीत, हा माझा नियम. आज विहिरीतला घेतला की उद्या लेण्याच्या भिंतीतला फोडून आणतात. ज्याला विकत घ्यायचाच आहे त्यानं बिल देणाऱ्या दुकानात जावं, आणि नुसता बघायचा असेल तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आहे. दादा जरा नाराज झाले. वहिनी नाहीत.

दुपारी १

लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या, माकडं, डोल्या, फुलांच्या टोपल्या. काकू गिरिजात्मजापुढे हात जोडून उभ्या राहतात, विहीणबाई त्यांच्याच शेजारी तशाच उभ्या राहतात. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात बसलेला हा एकच. लेणं मात्र बौद्ध भिक्खूंच्या राहण्यासाठी खोदलेलं.

गर्दी सगळी त्या सातव्या लेण्यात. शेजारच्या सहाव्यात चार माणसं नव्हती. हा चैत्य, आणि त्याच्या दारावर एक ओळ आहे. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त यानं हा चैत्य दान दिला. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार. सकाळी ज्या घाटाच्या तोंडाशी उभे होतो, त्याच्या खालच्या टोकाचा पैसा इथे वर येऊन दगडात बसलाय. बाकीच्या लेण्यांत धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं दिलेलं लेणं आहे, बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींच्या नोंदी आहेत. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ, ठेव घ्यायचा आणि व्याज द्यायचा. विहीणबाई म्हणाल्या, ग्दान्स्कच्या अंबर कारागिरांचा असा संघ १४७७ मध्ये झाला. आमचा त्याहून हजारावर वर्षांनी जुना, हे मी अंमळ जोरातच सांगितलं.

साडेतीन

मानमोडी. इथे चढण्याआधी मी सगळ्यांच्या बाटल्या, अत्तरं, सेंट विचारून घेते. आग्या मोहळं आहेत. आवाज नाही, धूर नाही, भडक वास नाही.

भूतलिंग गटातला चैत्य अर्धवट राहिलेला आहे, आत फारसं काही नाही. बघायचं ते बाहेर, दारावरच्या कमानीत. अर्ध्या उमललेल्या कमळासारखी ती भरलेली आहे. मधल्या पाकळीत लक्ष्मी, बाजूच्या पाकळ्यांत तिला न्हाऊ घालणारे हत्ती, मग हात जोडलेली माणसं. वर एका बाजूला नाग, दुसऱ्या बाजूला पंखांचा गरुड. लक्ष्मीचा चेहरा झिजलाय, पण हत्तींच्या सोंडा अजून स्वच्छ. आणि इथेच कोरलंय की हे दर्शनी काम चंद नावाच्या यवनाचं दान आहे. जुन्नरच्या लेण्यांत असे तीन यवन भेटतात. इरिल, यानं पाण्याची दोन टाकी दिली. चिट, यानं संघाला भोजनमंडप दिला. आणि हा चंद. पश्चिमेकडून आलेले, इथे राहिलेले, नावं बदललेली किंवा अर्धी बदललेली माणसं.

इरिल आणि चिट यांच्या नावापुढे 'गत' असा शब्द येतो. स्टेन कोनो हा नॉर्वेचा प्राच्यविद्यापंडित. त्यानं १९१२ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात असं मांडलं की हे गत म्हणजे गोथ. उत्तर युरोपातले गोथ. पाहुण्यांना हे सांगताना मी दर वेळी आधी बजावते की हा एका विद्वानाचा तर्क आहे, बहुतेकांनी मानलेला नाही, आणि पुराव्याला दोन अक्षरांपलीकडे काही नाही. गत हे कुळाचं किंवा गावाचं नाव असेल, असं मानणारेच जास्त.

पण आज ऐकणारी बाई विस्तुला नदीच्या मुखाशी राहते. पहिल्या शतकात त्याच मुखाशी गोथांची वस्ती होती, हे त्यांना शाळेपासून माहीत. रोमन लेखक प्लिनीनं पिथियस नावाच्या ग्रीक दर्यावर्द्याचा हवाला देऊन लिहून ठेवलंय की गुटोन नावाचे लोक (हेच गोथ असावेत) खाडीच्या काठी राहतात, तिथून एका दिवसाच्या जलप्रवासावर बेट आहे, त्या बेटावर लाटा अंबर आणून टाकतात आणि तिथली माणसं ते लाकडाऐवजी जाळतात, शेजाऱ्यांना विकतात. हाच प्लिनी दुसरीकडे तक्रार करतो की रोमचा दर वर्षी पाच कोटी सेस्टर्स एवढा पैसा हिंदुस्थान गिळतो. त्याच शतकात एका अनामिक ग्रीक खलाशानं लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये कल्याणचं बंदर आहे, पैठणहून भडोचला जाणारे अकीकासारखे दगड आहेत, तेरचं कापड आहे. म्हणजे अंबर उत्तरेकडून रोमला उतरत होतं, आमचे दगड पूर्वेकडून तिकडेच जात होते, आणि दोन्हींचा हिशेब एकाच माणसाच्या वहीत आहे. गोथ जुन्नरला आला होता की नाही, हे मला ठरवता येणार नाही. त्याच्या किनाऱ्यावरचं अंबर विकत घेणाऱ्या शहरानं आमचाही माल घेतला, हे मात्र लिहिलेलं आहे. मला तेवढं पुरतं.

विहीणबाईंनी लक्ष्मीचा फोटो काढला नाही. त्यांनी वही काढली आणि हत्तींची सोंड कशी वळते ते पेन्सिलीनं उतरवलं. म्हणाल्या, अंबरमध्ये कोरून बघते.

साडेपाच

पेठ. उरलेल्या उजेडात हापूसबागेकडचा हबशी महाल आणि सौदागर घुमट धावत दाखवते. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर इथियोपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, दख्खनमध्ये वजीर झालेला. त्यानं काही काळ जुन्नरलाच राजधानी केली होती. नाव ऐकून विहीणबाई थांबल्या. "बघा, इथेही अंबर आहेच."

काकांना जुन्नरी कागद हवा होता. पेशवाईच्या दफ्तरांत नावाजलेला तो कागद आता पेठेत कुणी करत नाही, त्यामुळे काका रिकाम्या हातानं गाडीत बसले. बोरीला कुकडीकाठी इंडोनेशियाच्या टोबा ज्वालामुखीची राख आहे, तिच्या वयावर संशोधक अजून भांडतात. तीही आज राहिली. एका दिवसात जुन्नर संपवायचं म्हणणाऱ्याला मी हे मुद्दाम ऐकवते.

सायंकाळी ७

मुक्कामाच्या घरी, म्हणजे आमच्याकडेच, चहा. काकूंनी पिशवीतून पिवळ्या मण्यांची माळ काढली. एका जत्रेत घेतलेली, विकणाऱ्यानं खरं अंबर म्हणून दिलेली. विहीणबाईंनी माझ्या आईकडे मीठ मागितलं.

काचेचा पेला, पाऊण भरलेलं पाणी, त्यात सहा-सात चमचे मीठ, विरघळेपर्यंत ढवळलं. आधी त्यांनी स्वतःच्या कानातला मणी सोडला, चांदीच्या कडीतून काढून. तो बुडाला, क्षणभर खाली रेंगाळला आणि सरळ वर येऊन तरंगायला लागला. मग काकूंच्या माळेतला एक मणी. टुक करून तळाला गेला, तिथेच बसला. काच आणि बरंचसं प्लास्टिक मिठाच्या पाण्यात बुडतं, अंबर तरंगतं. कधी कधी तरंगणारं नकली प्लास्टिकही असतं, म्हणून दुसरी खूणही बघायची. त्यांनी आपला मणी लोकरीच्या शालीवर घासला आणि वर्तमानपत्राच्या बारीक कपट्यांजवळ धरला. कपटे उडून चिकटले.

"अगंबाई," काकू म्हणाल्या, "आणि मी सुनेला देणार होते ही!"

आईनं तेवढ्यात खारट पाणी फेकायचं नाही म्हणून पेला उचलून नेला, लोणच्याच्या कैऱ्या धुवायला होईल म्हणून. जानेवारीत कैऱ्या कुठून येणार, हे तिला कुणी विचारलं नाही.

बाल्टिक अंबर चार ते पाच कोटी वर्षांचं. आपल्या जवळचं म्हणजे सुरतेजवळच्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सापडलेलं, पाच कोटींच्या थोडं पलीकडचं, आत किडे अडकलेलं. दोन्ही आमच्या काळ्या कातळाहून तरुण. काकांना हे मान्य होईना, डोंगर दगडाचा आहे म्हणून काही तो म्हातारा असेलच असं नाही, असा त्यांचा युक्तिवाद. इथे मात्र तो म्हाताराच आहे.

रात्री ९

हिशेब. मामांचं डिझेल, वहिनींचं जेवण, लेण्याद्रीची तिकिटं, माझी मजुरी. उद्या हेच पाहुणे आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावमार्गे भीमाशंकरला. ज्या गावाच्या नावानं तालुका ओळखला जातो ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, हे काठावर उभं राहून सांगायचं. परवा ते कोल्हापूरला जाणार. वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे निर्वासित राहिले होते, ती जागा विहीणबाईंना बघायची आहे.

जुन्नरला अंबर नव्हतं, हिरे नव्हते, समुद्र नव्हता. वाट होती, आणि त्या वाटेवर थांबायची सोय. गाव त्यावर मोठं झालं, आणि ते बघायचं तर वाटेवरूनच बघावं लागतं, हे माझं ठाम मत. शिवनेरीवर जन्मस्थानाला डोकं टेकवायला जरूर या, पण एक दिवस जास्त काढून या आणि सुरुवात नाणेघाटापासून करा. शनिवार-रविवार आणि पावसाळ्यातली गर्दी टाळा. जेवण घाटघरला सांगा, पैसा तिथल्या घरात राहू द्या. आणि हात जोडून एकच विनंती. लेखाची अक्षरं फोटोत दिसावीत म्हणून त्यांवर खडू फिरवू नका, पाणी मारू नका. मोबाइलचा दिवा भिंतीलगत तिरपा धरा, सगळं वाचता येतं.